न दिसणारा जोडीदार

फुगडी आपण सर्वांनी पाहिली आहे. समजा, अंधाऱ्या अंगणात दोघीजणी फुगडी घालीत आहेत. एकीच्या अंगावर उजेड आहे, दुसरी मुळीच दिसत नाही. तरी पहिलीचे मागे झुकून गरगर फिरणे पाहून आपण म्हणू, हिचे हात कुणीतरी धरले आहेत. ती केवढ्या फेऱ्यात नि किती वेगाने फिरते, यावरून दुसरीच्या वजनाचाही अंदाज बांधता येईल. आकाशातले न दिसणारे तारे असेच ओळखले जातात.

व्याधाचा तारा किंचित हेलकावे घेत पुढे सरकतो. ते पाहून १८४४ साली जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांनी सांगितले की, त्याला अदृश्य सोबती असला पाहिजे. १८६२ साली अमेरिकेत ॲल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना तो दुर्बिणीतून दिसला. आकाराने पृथ्वीएवढा, वजनाने सूर्याएवढा! अशा ताऱ्याला श्वेतबटू म्हणतात.

काही सोबती मात्र दुर्बिणीतूनही दिसत नाहीत. मग काय करावे? मुलुंडच्या फलाटावर उभे राहा. न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत जवळ येते तेव्हा आवाज चढा असतो. पुढे गेली की तो उतरतो. ताऱ्यांच्या लहरींचेही तसेच आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तिच्या साहाय्याने पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांना एक पल्सार सापडला. शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. पल्सार म्हणजे भोवऱ्यासारखा फिरत ठोके देणारा तारा. याचे ठोके सेकंदाला सुमारे २००. पण ते कधी दाटीने येत, कधी विरळ, आणि १८.८ दिवसांनी पुन्हा तोच क्रम. म्हणजे हाही कुणाचे तरी हात धरून फिरत होता!

पुढे ठोक्यांची बारकाईने मोजदाद होऊन २०१९ साली वजने प्रसिद्ध झाली. पल्सार सूर्याच्या सुमारे १.२५ पट, जोडीदार सुमारे १.२२ पट. हा जोडीदार न्यूट्रॉन तारा असू शकेल, किंवा वजनदार श्वेतबटूही असू शकेल. वजन कळले म्हणून ओळख पटलीच, असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, माघ-फाल्गुनात मुलांना संध्याकाळी व्याध दाखवा. आणि शाळेच्या पटांगणात एका थोराड नि एका किरकोळ मुलाला फुगडी घालायला लावा. थोराड मुलगा जागच्या जागी फिरेल, किरकोळ मोठा फेरा घेईल. असे का, ते मुलांनाच सांगू द्या.