एकट्याने सहाशे किलोमीटर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या नोव्हेंबरात आम्ही म्हैसूरहून निघून मडिकेरी, मंगळूर, होन्नावर आणि जोग या मार्गाने शिवमोग्ग्यापर्यंत सायकलने गेलो. अंतर सहाशे किलोमीटरांहून किंचित अधिक. आम्ही म्हणजे एक मनुष्य व एक सायकल, दुसरे कोणी नाही. 'आम्ही एकटेच गेलो' असे म्हणताना व्याकरण थोडे अडखळते, पण सरकारी टिपणे लिहिण्यात तीस वर्षे गेल्यावर 'मी' हा शब्द लेखणीला आणि जिभेलाही परका होतो. श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम या प्रकाराविषयी थोडेसे. दूर पल्ल्याच्या सायकलस्वारीची एक जुनी परंपरा फ्रान्समध्ये आहे. १८९१ साली पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्तपर्यंत आणि परत, अशी सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत झाली. शार्ल तेराँ नावाच्या स्वाराने ती सुमारे ७१ तासांत पुरी केली. पुढे तिच्यातली चुरस गेली आणि शर्यतीऐवजी ती एक कसोटी झाली. १९०४ साली स्थापन झालेला पॅरिसचा ऑडॅक्स क्लब आजही ती भरवितो आणि अलीकडे तीत आपल्या देशातले स्वारही मोठ्या संख्येने भाग घेतात. त्याच धर्तीवरच्या लहान स्वाऱ्यांना ब्रेव्हे म्हणतात. त्या आता भारतातही ठिकठिकाणी होतात. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास. खाणे, झोपणे, पंक्चर काढणे, सारे याच वेळात बसवायचे. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला तेथे काही अर्थ नाही. एक नियम मात्र कडक आहे. मधल्या टप्प्यात मागून मदतीची मोटार आणायची नाही. वाटेतल्या दुकानातून हवे ते घ्यावे, कोणा वाटसरूने आपणहून दिले तर तेही घ्यावे, पण घरचा माणूस पाठीशी उभा करावयाचा नाही. नोकरीत आठ बदल्या सोसलेल्या माणसाला हा नियम चटकन पटतो.

आमची स्वारी अशा कोणत्याही संस्थेच्या वतीने नव्हती. बिल्ला नाही, प्रमाणपत्र नाही. चाळीस तासांचे घड्याळ मात्र आम्ही आपणहून लावून घेतले. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हे कशासाठी, असा प्रश्न घरातून आला होता. त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही, अजूनही येत नाही.

शुक्रवारी पहाटे चार वाजता निघालो. हुणसूर, कुशालनगर ओलांडून १२० किलोमीटरांवर मडिकेरी येते. शेवटचा चढ सोडला तर या टप्प्यात सांगण्याजोगे काही नाही. मडिकेरीपासून सुळ्यापर्यंतच्या पन्नास किलोमीटरांत मात्र रस्ता जवळजवळ हजार मीटर खाली उतरतो. उतार म्हणजे विश्रांती, अशी सायकल न चालविणाऱ्यांची समजूत असते. वस्तुतः चढावर पाय दुखतात आणि उतारावर मनगटे, मान व मन ही तिन्ही. ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, नाहीतर चाकाची कड तापते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, काही वस्त्याच्या वस्त्या उठल्या होत्या. आता रस्ता नीट आहे, पण त्या वळणांवर माणूस आपोआप सावकाश जातो.

पोटाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण अशा स्वाऱ्या पायांपेक्षा पोटावर अधिक अवलंबून असतात. स्नायूंत व यकृतात साठविलेली साखर जोराच्या श्रमात काही तासच पुरते. ती संपली की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग कितीही खाल्ले तरी गाडी लवकर रुळावर येत नाही. म्हणून भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, हा फ्रेंच स्वारांचा जुना दंडक. आम्ही तो नीरदोसे, केळी आणि मंगळुरी बन्स यांच्या साहाय्याने पाळला. हे बन्स पिकल्या केळ्यांचे, किंचित गोड, पुरीसारखे तळलेले असतात. आहारशास्त्रज्ञ काय म्हणतील ते म्हणोत, ते खाऊन पन्नास किलोमीटर निघतात.

संध्याकाळी मंगळूर, रात्री साडेनवाला उडुपी. तेथे एका लॉजमध्ये साडेतीन तास झोप घेतली आणि दीड वाजता पुन्हा रस्त्यावर आलो.

कुंदापूर मागे टाकले तेव्हा पहाटेचे सव्वातीन झाले होते. तेथून पूर्वेस थोड्याच अंतरावर बसरूर आहे. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवछत्रपती मालवणहून ऐंशीच्यावर लहानमोठी जहाजे घेऊन या बंदरावर आले, बंदर लुटले आणि गोकर्णाला दर्शन घेऊन कारवारकडे गेले. शाळेत ही हकीकत आपण अभिमानाने वाचलेली असते. पण बसरूर त्या काळी केळदीच्या नायकांच्या राज्यात होते, हे त्या वयात लक्षात राहत नाही. ते पुढे कामाला येणार आहे.

कुंदापुराच्या उत्तरेस मरवंते नावाचे गाव आहे. महामार्गाच्या डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सौपर्णिका नदी, आणि मध्ये केवळ रस्त्यापुरती जमीन. लोक तेथे सूर्यास्त पाहण्यासाठी मुद्दाम जातात. आम्ही मरवंते पाहिले नाही, ऐकले. पहाटेचे चार, चंद्र नाही, दिव्याच्या उजेडात पंधरा-वीस हात डांबर, आणि एका कानात लाटांचा आवाज तर दुसऱ्या कानात निव्वळ शांतता. पाठीमागून ट्रक आला की दोन्ही नाहीसे होत, तो गेला की दोन्ही परत येत. एकटेपणाची भीती वाटेल असे आम्हांस वाटले होते. वाटली ती झोपेची. एकटा स्वार डुलकी लागून रस्त्याबाहेर गेला तर हाक मारणारे कोणी नसते. आम्ही मोठ्याने पाढे म्हटले. एकोणतीसचा पाढा माणसास उत्तम जागा ठेवतो.

भटकळच्या पुढे सह्याद्रीमागून सूर्य वर आला. होन्नावरला शरावती ओलांडली, न्याहारी केली आणि नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे वळलो. वेळ हाती होता, अंगात बळ होते. गेरसप्पा गाव मागे पडून घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर मागच्या गिअरची तार तुटली.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ही तार तुटली की मागची साखळी सर्वांत लहान दात्यावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर, जाऊन बसते. सपाटीवर ते चालते. येथे समोर तीस किलोमीटरांत सुमारे पाचशे मीटरांचा चढ होता. सायकल ढकलीत गावाकडे परतलो. मोटारसायकली दुरुस्त करणारा एक मेकॅनिक तेथे सापडला. त्याच्याजवळ आमच्या मापाची तार नव्हती. आमचे कानडी कार्यालयीन, त्याचे कानडी कोकणी वळणाचे. चार वाक्यांनंतर दोघांनीही बोलणे सोडून दिले. त्याने गिअरकडे पाच मिनिटे नुसते पाहिले, स्क्रू आवळला, लाकडाची एक लहान खुंटी तासून आत बसविली आणि साखळी मधल्या दात्यावर अडकवून टाकली. पैसे घेईना. फार आग्रह केल्यावर चहाचे घेतले.

मधला गिअर हलक्या चढाला पुरतो. खड्या चढावर उतरून चालावे लागे. भर दुपार, पायांत सायकलचे टणक तळव्यांचे बूट, मिनिटांचा हिशेब डोक्यात. अशा वेळी मागून एक ट्रक आला, पुढे जाऊन थांबला आणि खिडकीतून आवाज आला, "बसा की साहेब, वर सोडतो!"

ट्रक कोल्हापूरचा होता. पाठीवरची पिशवी मराठी मजकुराची, त्यावरून त्याने ओळखले असावे.

श्रोतेहो, तीस तासांत आम्ही मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. हीच सूचना दुसऱ्या कोणत्याही भाषेत आली असती तर हात जोडून नाही म्हणणे सोपे गेले असते. आपल्या भाषेत, त्यातही कोल्हापुरी हेलात आली, तेव्हा एक पाय खरोखरच ट्रककडे वळला. आपणांपैकी ज्यांनी वर्षानुवर्षे परमुलखात संसार केला आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. आम्ही नाही म्हणालो, कारणही सांगितले. त्याला ते मुळीच पटले नाही. "आजारी पडाल," म्हणाला, आणि गुळाचा एक मोठा खडा कागदात बांधून हातावर ठेवून निघून गेला. नियमांत गुळाला मनाई नाही.

तो चघळीत जोगला पोहोचलो. जुन्या मराठी पुस्तकांतला गिरसप्पाचा धबधबा तो हाच, २५३ मीटर उंचीचा. लिंगनमक्कीचे धरण १९६४ मध्ये झाल्यापासून पावसाळ्यानंतर तेथे पाणी बेताचेच असते. उभ्याउभ्या पाहिला आणि निघालो.

सागर गावाजवळून केळदीला फाटा जातो. मघाशी ज्या राज्याचे बंदर लुटले गेले असे म्हटले, त्याचे हे मूळ ठिकाण. राजधानी पुढे बिदनूरला गेली होती. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून जिंजीकडे निघाले, तेव्हा याच राज्याच्या राणी चेन्नम्मा यांनी त्यांना आश्रय दिला आणि पुढे जाऊ दिले. त्यापायी औरंगजेबाची फौज त्यांच्यावर चालून आली. बसरूरच्या लुटीला तेव्हा चोवीस वर्षे झाली होती. ती त्या दरबारात कोणाला आठवत नसेल, हे संभवत नाही. आपल्याकडे बसरूरची मोहीम पोरासोरांना ठाऊक असते, चेन्नम्मांचे नाव क्वचितच. कर्नाटकात राहणाऱ्या आपल्या मंडळाने तरी त्यांच्यावर एखादे व्याख्यान ठेवावे, अशी चिटणिसांना विनंती आहे. फाट्यावर क्षणभर थांबलो. आत जाण्याइतका वेळ उरला नव्हता.

शेवटचे बहात्तर किलोमीटर अंधारात, लाकडी खुंटीवर. शिवमोग्ग्याला पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून पन्नास मिनिटे झाली होती. म्हणजे चाळीस तासांवर पन्नास मिनिटे. ब्रेव्हे असती तर आमचे नाव यादीत आले नसते. ट्रकमध्ये बसलो असतो तर आठच्या आत पोहोचलो असतो, हा हिशेब त्या रात्री लॉजच्या खाटेवर दोनदा करून पाहिला.

रविवारी सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हानमध्ये चढवून म्हैसूरला आलो. सोमवारी दहा वाजता कार्यालयात हजर होतो. जिना मात्र आठवडाभर उलट्या पावलांनी उतरावा लागला.