मूस आणि मुलूख
(कुपवाड येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



देशांतर हा विषय मी आज घेतला, त्याला हे गावच कारण आहे. औद्योगिक वसाहतीच्या फाटकांतून सकाळच्या पाळीला जी माणसे आत शिरतात, त्यांतील कितीजणांचे मूळ गाव जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळ तालुक्यात आहे, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. परंतु त्याच शिवारांतून, त्याच अवर्षणाने बाहेर पडलेला त्यांचा एक भाऊ कुपवाडला थांबला नाही. तो कोइमतूर, त्रिचूर, पाटणा, अमृतसर, किंबहुना नेपाळपर्यंत गेला आणि तेथे सोने आटविण्याची मूस मांडून बसला. त्याला आपण गलाईवाला म्हणतो. आपल्या सांगली जिल्ह्याने हिंदुस्थानच्या सराफकट्ट्यांना हा माणूस दिला, आणि त्याच्याविषयी आपण इतके थोडे बोललो आहोत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विट्याभोवतालचा खानापूर तालुका, त्याच्या पूर्वेस आटपाडी, दक्षिणेस तासगाव आणि कवठेमहांकाळ, तसेच साताऱ्याकडील खटाव-माण, हा सारा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. येरळा, अग्रणी आणि माण या त्याच्या नद्या नकाशात निळ्या रेघांनी दाखवितात, पण वर्षातले कित्येक महिने त्यांच्या पात्रात वाळूच असते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा दुष्काळ आणि आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला १९७२ चा दुष्काळ, यांच्या मधल्या वर्षांतही आणेवारी, तगाई आणि महसुलाची तहकुबी हे शब्द येथल्या घराघरांत जोंधळ्याच्या भावाइतकेच परिचित होते. अशा मुलखातल्या पोराने गाव सोडले, यात आश्चर्य नाही. त्याने धरलेला धंदा मात्र विचार करण्याजोगा आहे. ज्याच्या घरात सोन्याचा मणी मोठ्या कष्टाने होत असे, त्याने परक्याचे सोने शुद्ध करण्याची विद्या आत्मसात केली. या धंद्याला जमीन लागत नाही, पाऊस लागत नाही, भांडवलही बेताचेच लागते. लागते ती पत. एकजण गेला, स्थिरावला, त्याने भाच्याला बोलाविले, भाच्याने मेहुण्याला. हाताखाली चारसहा वर्षे काढून प्रत्येकाने पुढच्या गावी स्वतःची भट्टी मांडली. असे एकेका खेड्याचे आप्तमंडळ परमुलखात उभे राहिले.

मी कोइमतूरच्या सराफी पेठेत असे एक दुकान पाहिले आहे. दुकान कसले, दहा फुटांची खोली. दारावर तमिळ अक्षरांची पाटी, आत खरसुंडीच्या सिद्धनाथाची तसबीर, कोपऱ्यात भट्टी आणि वर धूर ओढणारा पंखा. एका सोनाराच्या नोकराने आणलेल्या जुन्या बांगड्या मालकांनी आधी तराजूत घातल्या, वजन वहीत मांडले, नंतर मुशीत टाकून वरून टाकणखार भुरभुरला. रस झाल्यावर त्यांनी त्यात चांदी सोडली, आणि तीही सोन्याच्या सुमारे तिप्पट. मी चकित झालो. चोख सोने काढावयाचे, तर त्यात आणखी भेसळ कशासाठी? त्यांनी समजावून सांगितले : चांदी अशी मुबलक नसेल, तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही आणि हीण सोन्याच्या पोटातच राहते. मग तो रस पाण्यात ओतून दाणे पाडले, दाणे तेजाबात उकळले, पिवळट-तांबडा उग्र धूर उठला, चांदी विरघळून गेली, आणि भांड्याच्या तळाशी उरला तो कॉफीच्या भुकटीसारखा तपकिरी गाळ. हेच सोने! धुऊन पुन्हा आटविल्यावर त्याला तेज आले. हे चालू असता मालक त्या नोकराशी तमिळ, आतल्या मुलाशी तमिळ आणि दूरध्वनीवर आईशी आटपाडीकडची ठसठशीत मराठी बोलत होते. मुलाला मराठी समजते, पण तो उत्तर तमिळमध्ये देतो. तो धूर त्यांच्या छातीत किती वर्षे जात होता, हे त्यांच्या खोकल्यावरून मला कळले.

अशाच देशांतराची आणखी एक कथा सांगण्यासाठी आता आपणांस थोडे दूर, व्हिएतनामकडे नेतो. सायगावलगत चोलोन नावाची पेठ आहे. दक्षिण चीनमधून शतकानुशतके समुद्रमार्गे आलेल्या लोकांनी ती वसविली. त्यांच्या पाच बोली आणि प्रत्येक बोलीचे स्वतंत्र मंडळ. नव्याने उतरलेल्याला काम, खोली आणि जामीन त्या मंडळाने द्यावयाचा, अशी वहिवाट होती. समुद्रप्रवाशांची रक्षणकर्ती देवी तेथल्या देवळात आजही पूजिली जाते. आपल्या सिद्धनाथाच्या तसबिरीची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे. तथापि येथून पुढे दोन्ही कथांच्या वाटा वेगळ्या होतात. १९५६ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने तेथे जन्मलेल्या चिनी लोकांवर हुकमाने नागरिकत्व लादले आणि परकीय राहू पाहणाऱ्यांस अकरा धंदे बंद केले. पुढे मार्च १९७८ मध्ये नव्या साम्यवादी राजवटीने एका दिवसात चोलोनच्या दुकानांवर आणि वखारींवर पहारे बसवून खाजगी व्यापार संपविला. चीनशी वितुष्ट वाढत गेले, १९७९ मध्ये युद्ध पेटले, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेली माणसे संशयित ठरली. दोन लाखांहून अधिक लोक चीनच्या हद्दीत गेले. इतर असंख्य लोक होड्यांत बसून समुद्रात शिरले. होडीतल्या जागेचे मोल सोन्याच्या पातळ पत्र्यांत मोजले जात असे. सोने मोजण्याचे तिकडचे माप साडेसदतीस ग्रॅमचे, म्हणजे आपल्या जुन्या तोळ्याच्या तिपटीहून किंचित अधिक. आयुष्यभराची पुंजी अशा पत्र्यांत घालून ज्यांनी ती नावाड्याच्या हाती दिली, त्यांतले कितीतरी किनाऱ्याला लागलेच नाहीत.

चोलोनची ही हकीकत वाचताना मला कोइमतूरची ती मूस आठवत राहिली. चोलोनचा व्यापारी आणि आमचा गलाईवाला यांच्या उद्यमात, काटकसरीत किंवा आप्तनिष्ठेत मला भेद दिसत नाही. दोघांनीही परमुलखाची भाषा जिभेवर घेतली, दोघांनीही देव सोबत नेला. भेद आहे तो पायाखालच्या कायद्याचा. भारताच्या घटनेच्या १९ व्या कलमाने नागरिकाला देशात कोठेही वास्तव्य करण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क दिला. आटपाडीचा माणूस कोइमतुरात पाहुणा नसून धनी आहे, हे त्या कलमाने ठरविले.

हा हक्क कागदावर आहे तितका व्यवहारात निर्वेध नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि सोनाराबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची चूलही मंदावली. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हावयास १९९० साल उजाडले. आजही एखाद्या गावी चोरी झाली, की आटविलेल्या सोन्याचा माग गलाईवाल्याच्या दारी येतो, आणि चोरीचा माल घेतल्याच्या आरोपात निरपराध माणूसही चौकीवर बसतो. मूस मालाची जात पुसून टाकते, हा तिचा गुण अशा वेळी तिच्या धन्याचा वैरी होतो. तेव्हा परकी बोली बोलणारा माणूस आधी संशयित आणि मग नागरिक ठरतो. सरकारदरबारी या धंद्याची रीतसर नोंद व्हावी आणि तपासाला निश्चित पद्धत असावी, ही गलाईवाल्यांची मागणी मला सर्वथा न्याय्य वाटते.

इकडे गावी त्यांनी पाठविलेल्या पैशांतून उभी राहिलेली घरे पाहावीत. भक्कम दगडी जोते, रंगविलेला दरवाजा आणि बहुतेक वर्षभर कुलूप. ते उघडते जत्रेला, लग्नाला आणि दसऱ्याला. २०२० च्या टाळेबंदीत मात्र ही कुलुपे एकदम निघाली. माणसे परतली, कारण परतावयाला जागा होती. चोलोनच्या माणसाला ती नव्हती. आता टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी या तालुक्यांच्या शिवारांत खेळू लागले आहे, तेव्हा पुढची पिढी भट्टीकडे जाईल की द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत राहील, याचा निवाडा ती पिढीच करील.

मला अखेरीस आपल्याशी बोलावयाचे आहे ते कुपवाडविषयी. आज येथल्या कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशचे मजूर आहेत. ज्या पाटण्यात आपला भाऊ मूस घेऊन बसला, त्या पाटण्याचा भाऊ आपल्या दारी आला आहे. कोइमतूरच्या त्या मालकांनी मला सांगितले, की पहिली खोली त्यांना एका तमिळ सोनाराने दिली आणि सराफांपुढे जामीनही तोच राहिला. त्याच्या एका शब्दावर पेठेने त्यांच्या हाती सोने सोपविले. आपल्यापैकी अनेकांच्या खोल्या या मजुरांना भाड्याने दिलेल्या आहेत. त्यांना भाडेपट्टा लिहून द्या. पत्त्याचा पुरावा नसला, की गॅसची जोडणी आणि बँकेचे खाते अनेकदा अडून राहते. कागद थोडक्या खर्चाचा आहे; तो या महिन्यातच करून द्या, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.