पाहुणा आणि परका
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कामानिमित्त प्रथमच चीनला जाऊन आलेला माणूस परतल्यावर दोन गोष्टी हमखास सांगतो. एक तेथील शहराची, दुसरी तेथील जेवणाची. रस्ते कसे स्वच्छ, मेट्रो कशी वेळेवर, रात्री अकरा वाजता तरुण मुली एकट्या कशा निर्धास्तपणे घरी चाललेल्या, हे तो पहिल्या दमात सांगून टाकतो. मग यजमानाने किती पदार्थ मागवले आणि पाहुणा नको नको म्हणत असता त्याच्या बशीत कसे वाढत राहिला, याचे रसभरित वर्णन सुरू होते. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी सुस्कारा टाकतो, "आपली मुंबई अशी कधी व्हायची?" हा सुस्कारा जरा तपासून पाहण्यासारखा आहे.

उदाहरणादाखल ग्वांगझौ हे शहर घेऊ. जुन्या पुस्तकांत ते कँटन या नावाने भेटते. १९५७ पासून येथे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, निर्यातीचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. यंत्रांचे सुटे भाग, कापड, दिवे, फरशा यांच्या शोधात जगभरचे व्यापारी येथे येतात. त्यांत आपल्याकडचे कारखानदार आणि अभियंतेही असतात. पाहुण्याला घ्यायला विमानतळावर माणूस येतो. ओळखपत्रिका दोन्ही हातांनी दिली जाते आणि दोन्ही हातांनीच घ्यावयाची असते. सायंकाळी उपाहारगृहातील स्वतंत्र खोलीत वाटोळ्या टेबलाभोवती मंडळी बसतात. दाराकडे तोंड करून असलेली जागा मानाची. मधली काचेची थाळी फिरत राहते, आणि नवा पदार्थ आला की तो प्रथम मुख्य पाहुण्यासमोर थांबवला जातो. अखंड मासा आला तर त्याचे डोके पाहुण्याच्या दिशेला. "गानबेइ" म्हणजे पेला कोरडा करा. पण पेल्याला पेला लावताना यजमान आपल्या पेल्याची कड पाहुण्याच्या पेल्याहून किंचित खाली धरतो. आपल्याकडे वाकून नमस्कार करतात, त्याच जातीचा हा नम्रपणा आहे.

सकाळचे चहापान हे ग्वांगझौचे खास वैशिष्ट्य. बांबूच्या लहान लहान परड्यांतून वाफवलेले पदार्थ येतात, वृद्ध मंडळी वर्तमानपत्र घेऊन तासन् तास बसतात, आणि कोणी चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून त्याचे आभार मानतात. "जेवलात का?" हा तेथील जुना कुशलप्रश्न. कोकणातला किंवा देशावरचा माणूस तो ऐकून क्षणभर घरी आल्यासारखा होतो. शाकाहारी पाहुण्याची मात्र पंचाईत होते. पालेभाजी मागवावी तर तीत डुकराच्या मांसाचा चुरा निघतो. पाहुणा कोरड्या भातावर उठला तर यजमानाला ती आपली नाचक्की वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशी तो शहर पालथे घालून एखादे शाकाहारी बौद्ध भोजनालय शोधून काढतो.

हे सारे धंद्यासाठीच असते, असे म्हणणारे विद्वान आहेत. १९७८ नंतर खाजगी व्यवहार पुन्हा सुरू झाले तेव्हा करार मोडल्यास दाद मागण्याची सोय तोकडी होती. ओळख हेच तारण होते, आणि एकत्र जेवण ही त्या तारणाची पारख होती. या म्हणण्यात तथ्य आहे. आतिथ्याचा अतिरेकही झाला. सरकारी मेजवान्यांना आवर घालण्यासाठी डिसेंबर २०१२ मध्ये पक्षाला नियम करावे लागले, आणि एप्रिल २०२१ मध्ये अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदाच आला. परंतु एवढ्यावरून आतिथ्याला व्यापारी डाव ठरवणे अन्यायाचे होईल. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक याच ग्वांगझौ बंदरात उतरले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्यांचाही तो कामानिमित्त घडलेला पहिलाच चीनप्रवास. सन् यत्सेन यांच्या पत्नी सूंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हाती पडले. त्या वेळी कोणाला कोणाशी सौदा करावयाचा नव्हता. कोटणीस पुढे उत्तर चीनमध्ये गेले, चिनी भाषा शिकले, तेथेच त्यांनी विवाह केला आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांना मृत्यू आला. पाहुण्याला आपलासा करण्याची शक्ती त्या समाजात आहे, याविषयी महाराष्ट्राने तरी शंका घेऊ नये.

म्हणूनच पुढचा प्रश्न अधिक टोचतो. त्या स्वतंत्र खोलीच्या दारापाशी एक मुलगी उभी असते. रिकामे पेले भरणे, बश्या बदलणे हे तिचे काम. ती ग्वांगझौची असण्याचा संभव कमी. ती हूनानची असेल, ग्वांगशीची असेल, सिच्वानची असेल. हॉटेलातल्या चादरी बदलणारी बाई, प्रदर्शनाचे मंडप उभारणारे मजूर, पिवळ्या आणि निळ्या पोशाखात विजेच्या दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवणारी पोरे, बहुतेक सारी बाहेरची. २०२० च्या जनगणनेत ग्वांगझौची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख भरली, आणि तीत जवळजवळ निम्मी माणसे बाहेरून आलेली होती.

बाहेरून माणसे मुंबईतही येतात. त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. फरक आहे तो कायद्याचा. जानेवारी १९५८ मध्ये चीनने कुटुंबनोंदणीची पद्धत कायद्याने पक्की केली. तिला तेथे हुकोऊ म्हणतात. प्रत्येक नागरिक एका ठिकाणी नोंदला गेला, आणि शेतकरी की बिगरशेतकरी हा शिक्का त्याच्यावर बसला. मुलाला तो जन्मतः, आईकडून मिळत असे. यामागचे अर्थशास्त्र उघड होते. अवजड उद्योग उभारायचे, त्यासाठी गावाकडून स्वस्त धान्य घ्यायचे, आणि शहरात शिधा, घर, दवाखाना पुरवायचा तो मोजक्या कामगारांना. सारा गाव शहरात लोटला तर हे गणित कोसळले असते. तेव्हा शेतकऱ्याला शेतावरच बांधून ठेवले गेले. ऐंशीच्या दशकात कारखान्यांना हात हवे झाले, तेव्हा वेस उघडली. शिक्का मात्र पुसला नाही. शेतकऱ्याला शहरात काम करण्याची मुभा मिळाली, शहराचा होण्याची मिळाली नाही. भांडवलशाही देशांत मजुराला बाजार परका करतो. येथे ते काम शेतकऱ्यांच्या बळावर क्रांती करणाऱ्या राज्यानेच नोंदवहीत लिहून ठेवले, हे समाजवाद्यांनी मान खाली घालून वाचावे असे प्रकरण आहे.

मार्च २००३ मध्ये सुन झिगांग नावाचा २७ वर्षांचा पदवीधर तरुण याच ग्वांगझौमध्ये रस्त्यावर अडवला गेला. नोकरीसाठी तो नुकताच शहरात आला होता आणि तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. त्याला पकडून ठेवण्यात आले, आणि कोठडीतील मारहाणीने तीन दिवसांत तो मेला. एका स्थानिक दैनिकाने बातमी फोडली, देशभर संताप उसळला, कायदेपंडितांनी अर्ज केला, आणि परवाना नसलेल्यांना डांबून गावी परत धाडण्याची पद्धत त्याच वर्षी रद्द झाली. २०१४ मध्ये शेतकरी आणि बिगरशेतकरी हा भेदही कागदोपत्री मिटवण्याचे ठरले. पण मोठ्या शहरांची नोंदणी अजून शिक्षण, घर, विम्याचे हप्ते यांच्या गुणांवर मिळते; बशी उचलणाऱ्या मुलीला ते गुण कोठून मिळणार? २०२० मध्ये चीनचे सुमारे ६४ टक्के लोक शहरांत राहत होते, आणि शहरी नोंदणी होती ती सुमारे ४५ टक्क्यांची. हे अंतर म्हणजे कोट्यवधी माणसे.

ती राहतात कोठे? ग्वांगझौत उंच इमारतींच्या मधोमध जुनी गावे अडकून राहिली आहेत. मूळ गावकऱ्यांनी तेथे इतक्या खेटून खोल्या बांधल्या की एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत हस्तांदोलन करता यावे; लोक त्यांना "हस्तांदोलनाची घरे" असेच म्हणतात. खाली भरदिवसा दिवा लावावा लागतो. कापडबाजाराजवळच्या कांगले वस्तीत शिलाईचे असंख्य लहान कारखाने आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये साथीच्या टाळेबंदीत काम आणि मजुरी बुडालेली तेथील माणसे रस्त्यावर उतरली व त्यांनी अडसर मोडून टाकले. पाहुण्याच्या मोटारीची वाट या गल्ल्यांतून जात नाही.

मुले बहुधा गावी, आजीआजोबांजवळ. २०१० च्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजात अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सुमारे ६ कोटी १० लाख सांगितली गेली. शहरातल्या शाळेत प्रवेश कठीण, आणि महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा पुष्कळदा नोंदणीच्या गावीच द्यावी लागते. नववर्षाला आईबाप गाठोडी घेऊन गाडीने गावी जातात. गिरणगावचा चाकरमानी खानावळीत जेवून, गाळ्यात पथारी टाकून वर्ष काढी आणि शिमग्या-गणपतीला कोकण गाठी, त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. मात्र त्या चाकरमान्याने ऐपत येताच बायको आणली तर महापालिकेची शाळा तिच्या मुलांना नाही म्हणत नसे. उलट चिनी स्थलांतरिताच्या नावावर गावी जमिनीचा वाटा असतो; काम सुटले तर परतायला जागा असते. आपल्या भूमिहीन मजुराला ती नाही. हेही प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे.

आता त्या सुस्काऱ्याकडे येऊ. मुंबईचे शांघाय करण्याची भाषा २००४ च्या सुमारास आपल्या सत्ताधाऱ्यांच्या तोंडी आली, आणि त्या हिवाळ्यात मुंबईत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. शांघायचे रस्ते पाहून आलेल्यांनी त्या रस्त्यांची नोंदवही उघडून पाहिली नव्हती. झोपडी दिसत नाही याचा अर्थ झोपडीतल्या माणसाला घर मिळाले असा नसतो. त्याला येथे राहण्याचा हक्कच नाकारला असणेही शक्य असते. मेट्रो अवश्य घ्यावी, रात्रीची निर्धास्तता तर आधी घ्यावी. माणसे वेगळी काढण्याची रीत घेण्याची गरज नाही.

चीनमध्ये बक्षिशी देण्याची रीत नाही. नवख्या पाहुण्याला हे ठाऊक नसते. शेवटच्या रात्रीच्या मेजवानीनंतर तो बशीखाली काही नोटा ठेवून निघतो, आणि अनेकदा असे घडते की तो उद्वाहनापाशी पोचतो न पोचतो तोच दारापाशी उभी असणारी ती मुलगी धावत येते. आपले पैसे विसरलात, असे खुणेने सांगून दोन्ही हातांनी नोटा परत करते, आणि अर्धा उरलेला मासा उचलायला खोलीत परत जाते.