संहिता आणि बांधणी

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



शंभर वर्षांच्या वाचनालयात उभे राहून बोलायचे ते ग्रंथांविषयी बोलावे, असा संकेत आहे. मी तर आयुष्यभर यंत्रांच्या संगतीत राहिलेला, अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. ‘मुक्तस्रोत आज्ञावलीची मूळ संहितेपासून बांधणी’ असा विषय मी कळवला, तेव्हा कार्यवाहांनी दूरध्वनीवरून संकोचाने विचारले, “हे आपल्या सभासदांना रुचेल ना?” मी म्हटले, “रुचेल की नाही ते सांगता येत नाही. पण आपल्या मागच्या खोलीतल्या कपाटांचा त्याच्याशी संबंध आहे.” त्या कपाटांपासूनच सुरुवात करतो.

त्या कपाटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आणि विसाव्याच्या पूर्वार्धातली मराठी पुस्तके आहेत. कागद पिवळा पडून ठिसूळ झाला आहे. पान उलटताना कोपरा हातात येतो. काही वर्षांपूर्वी वाचनालयाने या पुस्तकांची छायाचित्रे काढून संगणकावर साठवली. काम चांगले झाले. पण छायाचित्र म्हणजे पुस्तक नव्हे. पानाच्या चित्रात संगणकाला अक्षर दिसत नाही, शाईचे डाग दिसतात. ‘या कपाटात अहिल्याबाईंचा उल्लेख कोठे कोठे आहे?’ असे एखाद्या अभ्यासकाने विचारले, तर सारी पाने डोळ्यांखालून घालण्यावाचून गत्यंतर नाही. चित्राचा मजकूर करायचा, तर अक्षरे ओळखणारी आज्ञावली हवी.

अशी एक आज्ञावली जगात सर्वांना खुली आहे. तिचे नाव टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीच्या प्रयोगशाळांत ती १९८५ ते १९९४ या काळात घडली. पुढच्याच वर्षी लास व्हेगास येथील नेव्हाडा विद्यापीठाने घेतलेल्या कसोटीत ती वरच्या तिघांत आली, आणि नंतर दहा वर्षे जवळजवळ बासनात पडून राहिली. २००५ मध्ये तिची मूळ संहिता जगाला खुली करण्यात आली. २००६ पासून गूगलने तिच्या विकासाचा भार उचलला. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत अक्षरे सुटी सुटी ओळखण्याऐवजी सबंध ओळ वाचण्याची नवी पद्धत आली. जोडाक्षरांच्या आणि शिरोरेषेच्या आपल्या लिपीला ही पद्धत विशेष मानवणारी आहे. तिच्यासाठी मराठीची स्वतंत्र शिक्षण-सामग्रीही विनामूल्य मिळते.

आता ‘मूळ संहिता’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. पुस्तकबांधणीचे काम आपण सर्वांनी पाहिले आहे. छापखान्यातून फर्मे येतात. ते घडी घालून क्रमाने लावायचे, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा, तेव्हा पुस्तक हाती येते. संगणकाची आज्ञावलीही आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. ती तिची मूळ संहिता. यंत्राला ती तशी कळत नाही. ‘संकलक’ नावाची दुसरी आज्ञावली तिचे यंत्रभाषेत रूपांतर करते, सुटे भाग एकत्र जोडले जातात, आणि मग चालू शकणारी वस्तू तयार होते. बाजारात विकत मिळते ती बहुधा ही तयार वस्तू. तिच्यावरून संहितेपर्यंत मागे जाणे जवळजवळ अशक्य असते. मुक्तस्रोत आज्ञावलीत संहिताच हाती देतात आणि सांगतात: वाचा, बदला, बांधा, इतरांनाही द्या.

रोजच्या वापराला तयार प्रत पुरते, हे मी आधीच मान्य करतो. मग आम्ही हा उद्योग का केला? २०१८ सालच्या थंडीत वाचनालयाच्या जुन्या संगणकावर उबुंटू या मुक्त प्रणालीची २०१६ सालची आवृत्ती होती. तिच्या भांडारात टेसरॅक्टची तिसऱ्या मालिकेतली प्रत मिळत होती. आम्हांला हवी होती चौथी. नवा संगणक घेण्याइतका पैसा नव्हता. मी, माझा एक जुना विद्यार्थी आणि महाविद्यालयात शिकणारी माझी नात, असे तिघे जण रविवारी दुपारी मागच्या खोलीत बसू लागलो.

कृती कागदावर सोपी आहे. संहिता उतरवून घ्यायची. ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञा द्यायची, म्हणजे आपल्या यंत्रावर आवश्यक ती साधने आहेत की नाहीत याची ती तपासणी करते. मग ‘मेक’ म्हणायचे, की बांधणी सुरू होते. हे ‘मेक’ १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी रचले. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे हे ते जाणते आणि जेवढे बदलले असेल तेवढेच पुन्हा बांधते. शेवटी ‘मेक इन्स्टॉल’ म्हटले, की बांधलेली वस्तू आपल्या जागी जाऊन बसते.

पहिल्या रविवारी तपासणीतच गाडी अडली. टेसरॅक्ट हे लेप्टोनिका नावाच्या दुसऱ्या संहितेवर उभे आहे. पानाचे चित्र उघडणे, सरळ करणे, काळे-पांढरे करणे ही कामे ती करते. चौथ्या आवृत्तीला तिची किमान १.७४ ही आवृत्ती लागते. आमच्या भांडारात होती १.७३. तेव्हा आधी लेप्टोनिकाची बांधणी करणे आले.

ती केली. कोठेही तक्रार न होता झाली. त्यावर टेसरॅक्टही बांधले. तरी ते चालेना; आपल्याच नव्या भागाचा पत्ता त्याला सापडेना. नवे भाग कोठे ठेवले आहेत याची यंत्राजवळची सूची ताजी करावी लागते, ते आम्ही विसरलो होतो. ते केले आणि पहिले पान दिले. उत्तर आले, की या प्रकारचे चित्र मला वाचता येत नाही! दोन रविवार त्यात गेले. अखेर नातीने आधीच्या तपासणीचा सारा वृत्तान्त पहिल्या ओळीपासून वाचून काढला आणि म्हणाली, “आजोबा, चूक आज झालेली नाही. ती दोन आठवड्यांपूर्वीच झाली आहे.” लेप्टोनिका बांधताना चित्रांचे निरनिराळे प्रकार उघडण्याची साधने यंत्रावर नव्हती. लेप्टोनिकाने कुरकुर न करता त्यांच्यावाचून स्वतःला बांधून घेतले होते. साधने आणली, लेप्टोनिका पुन्हा बांधली, टेसरॅक्ट पुन्हा बांधले.

आणि त्या संध्याकाळी एका जुन्या पानाचा मजकूर पडद्यावर उमटला. चुका पुष्कळ होत्या. पण आमच्यासाठी खरी गोष्ट तेथूनच सुरू झाली.

आधी आम्ही हिंदीची सामग्री लावून पाहिली होती. इंदुरात ती कोणीही प्रथम लावील. तिला ‘ळ’ पचेना आणि ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ तर मुळीच ओळखता येईना. मराठीची सामग्री लावल्यावर हे पुष्कळसे सुधारले. पण दुसरा प्रश्न उभा राहिला. ही पुस्तके १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीची. त्यांत ‘नाहीं’, ‘घरीं’, ‘मध्यें’ यांवर अनुस्वार आहेत. यंत्र शिकले आहे बव्हंशी आजच्या मराठीवर. ते अनेक ठिकाणी अनुस्वार गाळून ‘नाही’ असे लिहून मोकळे होई. सामान्य वाचकाला त्यात काही बिघडले असे वाटणार नाही. पण जुन्या ग्रंथाची प्रत करताना त्याचे लेखन परस्पर आधुनिक करणे म्हणजे प्रत बिघडवणेच होय. शिवाय ही चूक चुकीसारखी दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक.

तयार वस्तू विकत घेणाऱ्याने अशा वेळी काय करावे? विक्रेत्याला पत्र लिहावे आणि वाट पाहावी. इंदुरातल्या एका मराठी वाचनालयाच्या अनुस्वारासाठी कोणता विक्रेता आपली वस्तू बदलील? येथे मात्र संहिता हाती होती आणि ती बांधण्याचा सरावही झाला होता. टेसरॅक्टबरोबर त्याला शिकवण्याची साधनेही बांधता येतात. ती बांधली. जुन्या पुस्तकांतल्या काही शे ओळींची चित्रे घेतली. आपल्या दोन ज्येष्ठ सभासदांनी त्या ओळी अनुस्वारांसह जशाच्या तशा लिहून दिल्या. आणि त्यांवर यंत्राला पुढचा धडा दिला. चमत्कार झाला नाही. आजही प्रत्येक पान माणसाला तपासावे लागते. पण अनुस्वार पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक टिकू लागला. जे आपल्याला नडत होते, ते आपल्याला सुधारता आले.

आपल्या भाषेला हा मार्ग नवा नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात गणपत कृष्णाजी नावाचे गृहस्थ काम शिकले. आपल्या लोकांची पुस्तके आपणच छापावीत असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी घरीच यंत्र जुळवले, शिळेवर छापण्याचे प्रयोग केले, शाईही स्वतः करून पाहिली, आणि १८३१ मध्ये पंचांग छापून लोकांच्या हाती दिले. पुढे त्यांनी अक्षरांचे खिळेही पाडले. गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथात त्यांच्या या खटपटीची हकीकत आली आहे. छापील पुस्तक त्यापूर्वीही मिळत होतेच. गणपत कृष्णाजींनी मिळवले ते पुस्तक करण्याचे सामर्थ्य. आणि मराठीला पुढे उपयोगी पडले ते हे सामर्थ्य.

यावर एक आक्षेप घेतला जातो. संहिता कोणीही बदलू शकत असेल, तर शुद्ध पाठ कोणता म्हणायचा? हा प्रश्नही मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. ज्ञानेश्वरी हस्तलिखितांतून पसरली, नकलाकारांगणिक पाठ बदलत गेले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. मुक्तस्रोतातही प्रत्येक प्रकल्पाचे राखणदार असतात. नक्कल करून कोणीही आपल्या घरी बदल करावा. पण मूळ प्रतीत तो यायचा, तर तपासूनच येतो. शिवाय कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली याची नोंद राहते. आपल्या जुन्या नकलाकारांनी अशी नोंद ठेवली असती, तर संशोधकांचे केवढे श्रम वाचले असते!

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या ग्रंथसूचीचे काय झाले, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. फार वर्षांपूर्वी आपण एक तयार आज्ञावली विकत घेतली. विक्रेत्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याने त्या काळच्या रीतीनेच काम केले होते. हजारो नोंदी एका विशिष्ट टंकात भरल्या गेल्या. पुढे विक्रेत्याने व्यवसाय बदलला, जुना संगणक गेला, आणि नव्या संगणकावर ती सूची उघडली तेव्हा लेखकांच्या नावांच्या जागी अर्थहीन चिन्हे दिसली. ज्या ग्रंथपालांनी संध्याकाळी उशिरापर्यंत बसून त्या नोंदी केल्या होत्या, त्या पडद्यासमोर किती तरी वेळ काही न बोलता बसून होत्या. पुढे स्वयंसेवकांनी दाखल-नोंदवहीवरून सारे पुन्हा टंकलिखित केले. कागदाची वही होती म्हणून आपण वाचलो.

इंदुरात याचा विचार अधिक गंभीरपणे करावा लागतो. या नगरीने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरवली. त्यांतली पहिली दोन होळकरांच्या राज्यात भरली. १९४८ मध्ये ते राज्य मध्य भारतात विलीन झाले आणि मराठीचा राजाश्रय संपला. आज येथील मराठी ही घरांची आणि अशा वाचनालयांची भाषा आहे. येथील शासन तिच्यासाठी साधने घडवील ही अपेक्षा रास्त नाही. महाराष्ट्रात घडलेली साधने आपल्या कपाटापर्यंत आपोआप येतील हेही संभवत नाही. आपल्या कपाटाची किल्ली आपल्याजवळच असली पाहिजे.

म्हणून कार्यकारी मंडळाकडे माझी तीन मागणी आहेत. यापुढे कोणतीही आज्ञावली घेताना आपल्या नोंदी युनिकोडात, केव्हाही, पूर्णपणे बाहेर काढता येतील अशी लेखी अट घालावी. ज्या मुक्तस्रोत आज्ञावली आपण वापरतो, त्यांची मूळ संहिता आणि आपण शिकवलेली सामग्री ग्रंथांसारखीच दाखल करून जपावी. आणि बांधणीची एक वही ठेवावी. काय आणले, काय अडले, कसे सुटले, ते मराठीत लिहिलेले असावे. आमची वही आज मी अध्यक्षांच्या हाती देत आहे. तिच्यात आमच्या चुकाच अधिक आहेत. पुढच्याला त्यांचाच उपयोग होईल.

सभासदांकडेही एक मागणे आहे. यंत्राने वाचलेली पाने तपासायला जुन्या लेखनाची जाण असलेले डोळे हवेत. ज्यांनी ‘नाहीं’वरचा अनुस्वार शाळेत गिरवला, अशी मंडळी आपल्यात अजून आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दुपार द्यावी. मागच्या खोलीत रविवारी तीन वाजल्यापासून आम्ही असतो.