तुरुंगाची नवी पाटी

आपल्या मध्य प्रदेशाने २०२४ साली तुरुंगांविषयी नवा कायदा केला. १८९४ चा ब्रिटिश अमदानीतील कायदा मुख्यतः कैद्याला कोंडून कसे ठेवावे याची चिंता वाहणारा होता. नव्या कायद्याच्या नावातच 'सुधारात्मक सेवा' हे शब्द आले आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याचा नमुना तयार केला होता. परंतु तुरुंग हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय. दिल्लीने कित्ता घालून द्यावा आणि राज्यांनी तो आपापल्या हाताने गिरवावा, अशी ही व्यवस्था आहे. ज्याने वर्गात कित्ते तपासले आहेत त्याला तिच्यातील अडचण निराळी सांगावयास नको.

मराठी माणसाला हा विचार अपरिचित नाही. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर वसले. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची आणि आश्रय राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा झालेली माणसे तेथे तटबंदीवाचून राहू लागली, माळ नांगरू लागली. त्यांची बायकामुले त्यांच्याजवळ आली. त्याच मुलखातील ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवरून शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. साऱ्या देशाने तो पाहिला आणि डोळे पुसले. अशा वसाहती मात्र थोड्याच निघाल्या. आपल्या इंदुरात देवी अहिल्याबाईंच्या नावाची खुली वसाहत निघाली ती २०१८ मध्ये, आणि तीही मोजक्या कुटुंबांपुरती.

असे का व्हावे? माझ्या मते, प्रयोग एका माणसाच्या श्रद्धेवर उभा राहतो, खाते मात्र हजारो पहारेकऱ्यांच्या सवयीवर चालते. देशातील तुरुंगांत मंजूर जागांपैकी सुमारे तिसरा हिस्सा रिकामा आहे. आणि आत असलेल्या दर चार माणसांपैकी जवळजवळ तिघांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही. ज्यांचा अपराध ठरला नाही, त्यांची सुधारणा कसली करावयाची?

माझा एक जुना विद्यार्थी तुरुंगात पहाऱ्यावर असतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, "सर, बंदीवानाला माणसासारखे वागवा, असे आता आम्हांला सांगतात. पण बराकीत शेकडो माणसे आणि रात्री आम्ही दोघेतिघे. नोकरीत आलो तेव्हा शिकवली होती ती कवायत, कुलूप आणि मोजदाद." मी निरुत्तर झालो. शिक्षकांना नवा अभ्यासक्रम देऊन जुन्याच पट्टीने शिकवावयास लावण्याचा प्रकार मी पाहिला आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या अर्जावर निर्णय दिला. तुरुंगात स्वयंपाक कोणी करावा व संडास कोणी झाडावेत हे जातीवरून ठरविणारे नियम घटनाबाह्य ठरले आणि नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. घटना १९५० पासून अमलात आहे. हे नियम तिच्या शेजारी चौऱ्याहत्तर वर्षे सुखाने नांदले. नियमपुस्तक दुरुस्त करण्यास राज्यांना मुदत दिली होती तीन महिन्यांची.

त्या निर्णयाविषयी मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "रकाना खोडता येतो, सर. पण सकाळी हजेरी घेताना आडनाव तर उच्चारावेच लागते."