हिरवा हायड्रोजन : जमीन आपली, हिशेबही आपणच मांडू

(रत्नागिरी जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भात, काजू, आंबा बाजूला ठेवून आज आम्ही हायड्रोजनवर बोलणार म्हटल्यावर काही मंडळी हसली. हसू द्या. पण युरियाचे पोते तुमच्या घरी येते ना? 45 किलोचे एक पोते तयार करायला साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यातला बराच वायू परदेशातून येतो. म्हणजे हायड्रोजन आपल्या बांधावर कधीच येऊन पोचला आहे.

आता सरकार म्हणते, वायूऐवजी पाण्यातून हायड्रोजन काढू. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे होतात. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असली, की त्याला हरित हायड्रोजन म्हणायचे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राने यासाठी 19,744 कोटी रुपये मंजूर केले. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे लक्ष्य ठरवले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने आपले धोरण आणले. त्यात लक्ष्य आहे वर्षाला 5 लाख टन.

अडचण खर्चाची आहे. या यंत्रांच्या एका प्रकारात इरिडियम हा धातू लागतो. साऱ्या जगात तो वर्षाला सात-आठ टनच निघतो. म्हणून शास्त्रज्ञ नॅनो तंत्राच्या मागे आहेत. हे तंत्र काय, ते आमच्या मायबहिणींना चांगले कळेल. नारळाची अख्खी वाटी पाण्यात टाकली तर रस निघत नाही. तीच खवून पिळली की निघतो, कारण जितके बारीक तितका पाण्याला जास्त भाग भिडतो. एक सेंटीमीटर बाजूचा धातूचा ठोकळा नॅनो मापाइतका, म्हणजे सेंटीमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका बारीक केला, तर त्याचा पृष्ठभाग सहा गुंठे भरतो! मग मूठभर धातूत काम भागते. महाग इरिडियमऐवजी निकेल, लोखंड वापरण्याचेही प्रयत्न चालू आहेत. आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी ऑगस्ट 2022 मध्ये हायड्रोजनवर चालणारी बस रस्त्यावर आणून दाखवली. आम्ही या संशोधनाच्या विरोधात नाही. ते व्हावे, लवकर व्हावे.

पण एक गोष्ट ध्यानात धरा. आज एक किलो हायड्रोजनला 50 ते 55 युनिट वीज लागते. नवे पदार्थ हा आकडा खाली आणतील. तरीही निसर्गाच्या हिशेबात 39 युनिटांखाली तो जात नाही. कोणताही नॅनो ती वीज वाचवू शकत नाही. आणि वीज येणार जमिनीवरून.

हिशेब मांडू. लोक आधी पाण्याला घाबरतात. एका किलोला नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि थंडाव्यासह तीस धरा. राज्याच्या 5 लाख टनांना वर्षाला अर्धा टीएमसी पाणी झाले. कोयनेचे वीज करून सुटलेले सुमारे 67 टीएमसी पाणी दरवर्षी वाशिष्ठीत उतरते. म्हणजे एकूण पाणी पुरेल. मात्र मे महिन्यात जी वाडी टँकरची वाट बघते, तिच्या तोंडचे पाणी कारखान्याला देता येणार नाही.

खरा आकडा विजेचा आहे. 5 लाख टनांना 2,500 कोटी युनिट. सगळी वीज सौर धरली, तर एका मेगावॅटला चार एकर या हिशेबाने साठ-सत्तर हजार एकर जमीन. ती कोठून येणार? सरकारी कागदावर जी पडीक, ती आधी नजरेत भरते. आमचा सडा कागदावर पोटखराबाच असतो. पण त्याच सड्यावर गुरे चरतात, तेथे मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या विहिरीला लागते. आमच्या सड्यांवरची कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. असा सडा पडीक कसा? शिवाय सातबारा सामायिक, निम्मे हिस्सेदार मुंबईला. दलाल मात्र बातमीच्या आधी गावात पोचतो.

रत्नागिरीने हे एकदा पाहिले आहे. अंजनवेलचा एन्रॉन प्रकल्प आठवा. 1999 साली पहिला टप्पा चालू झाला. 2001 साली वीज मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतली एन्रॉन दिवाळखोरीत गेली. खोट यंत्रात नव्हती, कागदात होती. वीज घेतली नाही तरी मंडळाने पैसे भरायचे, तेही डॉलरच्या भावाशी बांधलेले!

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. सातबाऱ्यावर नाव आपलेच राहील. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत 2023 साली हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरली. मग हायड्रोजनच्या कारखानदाराने त्याहून कमी का द्यावे? करार मराठीत हवा. कंपनी बुडाली तर भाडे कोण देणार आणि मुदतीनंतर पॅनेल कोण उचलणार, हे त्यात लिहिलेले हवे. गावाच्या पाण्याला पहिला हक्क हवा.

आणि एक शेवटचे. पाच रुपये युनिटने वीज धरली, तर एका युरिया पोत्याच्या हायड्रोजनलाच अकराशे रुपयांची वीज लागते. आज पोते आपल्याला पावणेतीनशेच्या आत मिळते. उद्या खत हिरवे झाले म्हणून हा फरक आमच्या माथी मारू नका.

गावी गेल्यावर पहिले काम करा. सड्याचा सातबारा काढा, हिस्सेदारांना मुंबईला पत्र घाला आणि येत्या ग्रामसभेत विषय मांडा. दलाल येण्याआधी आपला हिशेब तयार असू द्या.