पाण्यातील क्षार : एका शब्दाचे तीन अर्थ

बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्डमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तोटीवरचा पांढरा थर, बोअरच्या पाण्याची मचूळ चव आणि साबणाला न येणारा फेस या तिन्ही तक्रारींचे खापर ‘क्षार’ या एकाच शब्दावर फोडले जाते. रसायनशास्त्र मात्र या तक्रारी वेगवेगळ्या मोजते आणि त्यांचे उपायही वेगळे सांगते.

या शब्दाचा जुना अर्थ राखेशी निगडित आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील 11 वा अध्याय क्षारपाकविधीचा असून त्यात वनस्पतींच्या राखेपासून मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे दाहक क्षार काढण्याची रीत सांगितली आहे. तो पदार्थ आजच्या परिभाषेत अल्क, म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी होय, आणि हिंदी पाठ्यपुस्तकांत क्षाराचा अर्थ अजूनही असाच आहे. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत मात्र आम्ल व आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून तयार होणाऱ्या पदार्थाला क्षार म्हणतात, ज्याला हिंदीत लवण म्हणतात. बोलीने दोन्ही अर्थ सांभाळले आहेत, कारण पापडखार अल्कधर्मी असतो, तर कोकणातल्या खारजमिनीतला खार म्हणजे मुख्यतः मीठ.

तिसरा अर्थ पाण्याच्या कठीणपणाचा आहे. मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे उतरतात. गिझरमध्ये पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेटाचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेटाचे पुट कॉइलवर चढते. त्या पुटावर लिंबू पिळले असता ते फसफसते, कारण आम्लाशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो. घडणीने क्षार असलेला हा पदार्थ आम्लाला उदासीन करतो, म्हणजे वागणुकीने आम्लारी ठरतो, आणि शब्दाचे जुने व नवे अर्थ त्या एका थरात एकत्र येतात.

व्यवहारातली खरी गफलत सॉफ्टनरपाशी होते. सोसायट्यांतील सॉफ्टनरमध्ये रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात सोडियम सोडतात. कॅल्शियमचे 40 मिलिग्रॅम निघाले तर सोडियमचे 46 मिलिग्रॅम पाण्यात येते. त्यामुळे कठीणपणा जातो, फेस येतो, पण एकूण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे टीडीएस, कमी होत नाहीत. टीडीएस मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून आकडा दाखवतो. त्यावरून सॉफ्टनर निकामी ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे. टीडीएस कमी करायचा तर आरओ लागतो.

रेझिन पुन्हा सक्षम करण्यासाठी गोण्यांनी मीठ लागते आणि तेच सोडियम सांडपाण्यातून, प्रक्रिया केल्यावरही, सोसायटीच्या बागेत पोहोचते. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातील शेतकऱ्याला त्याचे परिणाम ठाऊक असतात, कारण तो विद्राव्य क्षार साठलेल्या जमिनीला खारवट आणि सोडियममुळे घट्ट बसून निचरा हरवलेल्या जमिनीला चोपण म्हणतो. पहिलीला चांगला निचरा व भरपूर पाणी पुरते, दुसरीला जिप्सम घालावे लागते. शहरी मराठीने हा भेद गमावला, हे काही भूषणावह नाही.

बंगळुरूच्या कावेरी पाणीपुरवठ्याच्या दररोज 775 दशलक्ष लिटर क्षमतेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन 16 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. शहरात नव्याने आलेली 110 गावे हे त्याचे लक्ष्य असले, तरी जेथे बोअर आणि टँकर चालू आहेत तेथे तपासणी टळत नाही. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा व अल्कता यांची स्वीकार्य मर्यादा प्रत्येकी लिटरमागे 200 मिलिग्रॅम, तर टीडीएसची 500 आहे. दुसरा स्रोत नसल्यास ती अनुक्रमे 600, 600 व 2000 पर्यंत चालते. तेव्हा सोसायटीच्या सभासदांनी प्रयोगशाळेकडून ‘क्षार किती’ असे मोघम उत्तर न घेता हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत आणि यंत्राची खरेदी त्यानंतरच ठरवावी.